दहावा पट्टा

कारखान्यात त्याला पहिल्याच दिवशी नाव पडलं, ‘कॉलेज’. कारण उघड होतं. तोंड उघडलं की स्वारी “आमच्या कॉलेजात” इथूनच सुरुवात करायची. हा कारखाना उंचावर काम करणाऱ्यांसाठी सुरक्षापट्टे बनवायचा. इमारतींना रंग देणारे, काचा पुसणारे, खांबांवर चढणारे, सगळे त्या पट्ट्यांच्या भरवशावर अधांतरी लोंबकळायचे. कॉलेजचं काम एवढंच: प्रत्येक मालातले दहा पट्टे यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ताणायचे आणि कितीला तुटले ते लिहायचं.

घरी आई रोज विचारायची, “काय रे, आज काय केलंस?”

“पट्टे तोडले.”

“आणि याचा पगार देतात?”

खरं सांगायचं तर त्याला तिथे करमत नव्हतं. कॉलेजात काहीही केलं की कोणीतरी गुण द्यायचं, निदान शिव्या तरी. इथे आठवडेच्या आठवडे कोणी बरं म्हणत नव्हतं की वाईट. चाचणी विभागाच्या बाई तर मान हलवण्यातही काटकसर करायच्या. आपण कामाचे आहोत की टाकाऊ हे कळायला मार्गच नाही, या विचाराने पोरगं आतून खचलं होतं.

म्हणून बाईंनी एक अख्खा माल त्याच्या एकट्याच्या सहीवर सोपवला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. नऊ पट्टे हव्या त्या ताणापर्यंत झकास टिकले. दहावा मात्र निम्म्या ताणालाच फाटला. कॉलेजने डोकं खाजवलं आणि कॉलेजातल्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं सगळ्यांनी जे केलं होतं तेच केलं. तिथे उत्तर आधीच ठाऊक असायचं. एखादा आकडा वाकडा आलाच तर त्याला शेजाऱ्यांच्या रांगेत नीट बसवायचा. ही लबाडी आहे हे कोणाच्या गावीही नसायचं. त्यानेही दहावा आकडा नीट बसवला आणि ऐटीत सही ठोकली.

दुपारी सगळे आवारात जमले. नव्या माणसाच्या सहीचा पहिला माल असला की त्यातला एक पट्टा बाई स्वतः बांधायच्या आणि लोखंडी मचाणावरून उडी घ्यायच्या, अशी तिथली रीत. त्या कामाला माणसाच्या वजनाचा पुतळा होता, पण बाई म्हणायच्या, “पुतळ्याचं काय जातंय?”

कॉलेजला ही रीत आत्ता कळली. त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

“घाबरू नकोस,” शेजारी उभे असलेले शिलाईवाले काका म्हणाले. “सही तुझीच आहे ना? मग झालं तर.”

बाई शिडी चढत होत्या. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढणारी बाई. आता बोललो तर नोकरी गेली आणि सगळ्यांदेखत अब्रूही गेली. गप्प बसलो तर? नऊ पट्टे चांगलेच निघाले होते की. बहुतेक काही होणार नाही. ‘बहुतेक’ या शब्दाची त्याला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

बाईंनी कडी अडकवली.

“बाई, थांबा!” त्याचा आवाज चिरकला. “दहावा निम्म्यातच तुटला होता. मी... मी आकडा जुळवला.”

बाई मचाणावर खाली बसल्या. त्यांनी अडकवलेली कडी सोडवली.

“का जुळवलास?”

“बाकीचे नऊ चांगले होते म्हणून. आमच्या कॉलेजात...” ते वाक्य त्याला पुढे नेववेना.

बाई उतरल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंगावरचा पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. “याच मालातले आणखी दहा ताण.”

“मला काढणार का?”

“आधी पट्टे.”

यंत्रापाशी तो एकटाच होता. पहिला टिकला, दुसरा, तिसराही. चौथा निम्म्यातच फाटला आणि “तुटला!” अशी आरोळी कॉलेजच्या तोंडून निघाली, तीही आनंदाची. या मालावर उद्या कोणाचा तरी बाप, कोणाची तरी लेक लटकणार होती. आता कोणी लटकणार नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले.

फाटका पट्टा घेऊन तो बाईंकडे गेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शिलाईवाल्या काकांना बोलावणं धाडलं. शाबासकी नाही, शिव्याही नाहीत. तोही कशाची वाट पाहत थांबला नाही.

“अजून सहा राहिलेत,” बाई मागून म्हणाल्या.

“हो,” दारातूनच तो म्हणाला आणि यंत्राकडे गेला.