डाव्या हाताचं हेड

ग्राइंडिंग खात्यात चार यंत्रं एका ओळीत होती आणि त्यांच्या समोर एक टेबल. टेबलावर वजनकाटा, पितळी साचे आणि टेबलामागे ती. गोल्फच्या काठीच्या टोकाला जो लोखंडी तुकडा असतो, त्याला खात्यात सगळे नुसतं ‘हेड’ म्हणायचे. हेड घडाईतून ओबडधोबड यायचं, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर घासून आकाराला यायचं आणि मग तिच्यासमोर. ती ते काट्यावर ठेवायची, साच्याला लावायची, उजेडासमोर धरायची. साच्याच्या आणि हेडच्या मधून केसाएवढी फट दिसली तरी हेड परत. अकरा वर्षं ती लोकांचं काम तोंडावर परत करत आली होती, तेव्हा खात्यात तिच्याबद्दल प्रेम उतू जात होतं असं काही म्हणता यायचं नाही.

खरं तर ती मुळात घासणारीच. तिला शिकवलं तिच्या वडिलांनी. ते खात्याचे मुख्य कारागीर. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, आणि खात्याचा उंबरठा ओलांडला की तीही उस्तादच म्हणे. बाबा घरी. हा नियम त्यांनीच घातला होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

पोरीचा हात चांगला होता. घोडं अडलं ते हात डावा होता म्हणून. हेडच्या मानेत एक लोखंडी सळई खोवतात, ती मुठीत धरून हेड पट्ट्यावर टेकवतात. कारखान्यातली सगळी हेडं उजव्या हाताने खेळणाऱ्यांची, त्यामुळे सळईही उजव्याच मुठीत शोभायची. हिची मूठ डावी. मग ही एक खांदा पुढे काढून, कोपर वर उचलून, तिरपी उभी राहायची. काम बिनचूक व्हायचं, पण ठिणग्या यंत्राखालच्या, धूळ ओढून घेणाऱ्या धुराड्यात जायच्या सोडून शेजारच्या यंत्राकडे उडायच्या. एके दिवशी त्या शेजारच्या कारागिराच्या बाहीवर गेल्या. त्याला सगळे गप्पीदास म्हणत. बाही जळली, कातडी जळली नाही, पण गप्पीदासने आरडाओरडा असा केला की घडाई खात्यातली माणसं धावत आली.

उस्ताद चार पावलांत तिच्याजवळ पोचले. “यंत्र सोड आणि बाजूला हो,” ते म्हणाले. एवढंच. तिने यंत्र सोडलं, हात पुढे बांधून बाजूला उभी राहिली. खात्यात प्रत्येक कारागिराचा स्वतःचा एक ठसा असतो, बोटाएवढा पोलादी खिळा. पास झालेल्या हेडच्या मानेच्या आत त्याने खूण मारायची. दांडी बसली की ती खूण जन्मात कुणाला दिसत नाही, तरी तिच्यावाचून कुणी स्वतःला कारागीर म्हणवत नाही. तिचा ठसा आठवड्यापूर्वीच तयार झाला होता. तो उस्तादांनी हात पुढे करून परत घेतला. त्या दिवसापासून ती टेबलामागे.

राग आला होता का? आला होता. वडिलांशी घरी ती बोलत होती, हसत होती, त्यांची औषधंही आणत होती. पण तो हात पुढे केलेला तिला अजून दिसायचा. आणि यंत्रांचा आवाज सुरू झाला की तिचा डावा अंगठा टेबलाखाली आपोआप दाबला जायचा. तिला पट्टा परत हवा होता. बाकी काही नको होतं.

आणि मग डावखुऱ्या खेळाडूंसाठीची पहिली मागणी आली.

डिझायनर खुशीत होता. हा सडपातळ माणूस कायम एक पेन्सिल कानावर आणि दुसरी हातात घेऊन फिरायचा आणि तिसरी शोधत असायचा. “नवीन काही नाही हो,” तो म्हणाला. “तोच आकार आरशात धरलाय. घडाईतून बारा नग आलेत. त्यातले तीन नमुने घासून तयार ठेवायचे, दुपारी तीनला गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई येणार. तिन्ही सारखे हवेत. पसंत पडले तर वर्षभराचं काम, नाहीतर त्या इथून थेट दुसऱ्या कारखान्यात.”

“बारातले तीन?” गप्पीदास म्हणाला. “झोपेत करू.”

झोपेत केलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. सकाळी पहिलं हेड तिच्या टेबलावर आलं. वजन पाहिजे दोनशे अडुसष्ट ग्रॅम. भरलं दोनशे एकसष्ट. टोक खाल्लं गेलेलं. परत. दुसरं आलं, तेही टोकाशी खाल्लेलं. तिसरं, चौथं. माणसं वेगळी, यंत्रं वेगळी, आणि चूक तीच आणि तिथेच. सहावं आल्यावर गप्पीदासची बडबड थांबली, आणि ती थांबणं म्हणजे आणीबाणीच. शेवटी उस्तादांनी स्वतः ठिणग्यांपासून डोळे जपणारा चष्मा चढवला. तीस वर्षांत त्यांचं एक हेड परत गेलं नव्हतं. त्यांनी पाठोपाठ तीन घासली. तिने तिन्ही काट्यावर ठेवली, उजेडासमोर धरली आणि क्षणभर तिला वाटलं की खोटं बोलावं.

“परत,” ती म्हणाली.

उस्तादांनी ती तिन्ही आपल्या हाताने बिघडलेल्यांच्या ढिगात ठेवली. घड्याळात सव्वा वाजला होता. बारातली तीन हेडं उरली होती. उस्तादांनी त्यातलं एक उचललं, सळई खोवली आणि यंत्रासमोर उभे राहिले.

ती त्यांच्याकडे बघत होती म्हणून तिला दिसलं. त्यांचा एक खांदा पुढे आला होता. कोपर वर उचललेलं होतं. पट्टा सुरू झाला होता, ते अंदाज घ्यायला हेड नुसतं टेकवत होते, आणि ज्या चार ठिणग्या उडाल्या त्या धुराड्यात न जाता शेजारी गप्पीदासच्या यंत्राकडे गेल्या.

त्या ठिणग्या तिच्या ओळखीच्या होत्या.

“बाबा!” ती ओरडली.

चारही यंत्रं थांबली. उस्तादांनी मान वळवली. खात्यात या शब्दाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

“बाबा, तुमच्या ठिणग्या बघा कुठे चालल्यात. तुम्ही सगळे तिरपे उभे राहताय. हेड डावं आहे आणि हात अजून उजवंच घासतायत. अंगठा सवयीने जिथे दाबतो, तिथे या हेडचं टोक येतंय. म्हणून सगळ्यांचं तेच जातंय.”

“मग?” उस्ताद म्हणाले.

“मग मला द्या.”

“तीनच उरलीत.”

“म्हणूनच म्हणतेय. तुम्ही घासलीत तर एकही उरायचं नाही.”

डिझायनरच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. गप्पीदासने डोळे मिटून घेतले. उस्तादांनी हातातलं हेड सळईसकट खाली ठेवलं.

“आणि तुझ्या हातून बिघडलं तर?”

“तर माझ्याच टेबलावरून परत पाठवीन.”

त्यांनी चष्मा काढला आणि तिच्या हातात ठेवला.

तो चढवून ती यंत्रासमोर उभी राहिली. अकरा वर्षं काही थोडीथोडकी नसतात. तिने सळई डाव्या मुठीत धरली आणि सवयीने खांदा पुढे काढायला गेली, तर काढावाच लागला नाही. हेडचं तोंड आपणहून पट्ट्याकडे वळलं होतं. पाय सरळ, खांदे सरळ, कोपर बरगडीशी. या यंत्रासमोर ती आयुष्यात पहिल्यांदाच सरळ उभी होती.

तिने हेड टेकवलं. ठिणग्यांची धार थेट धुराड्यात गेली. शेजारी गप्पीदासने दोन्ही बाह्या छातीशी आवळून धरल्या होत्या. त्याने हळूच एक सोडली, मग दुसरी. आधी तळ, मग पुढची कड, मग टोक, टोकाशी अंगठा अलगद. घासता घासता तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना. इतका आनंद झाला होता तिला की यंत्राच्या गोंगाटात ती चक्क गुणगुणत होती.

पहिलं हेड तिने स्वतःच काट्यावर ठेवलं. दोनशे अडुसष्ट. साच्यातून उजेड नाही. दुसरं तसंच. तिसरं पुरं झालं तेव्हा तीनला दहा मिनिटं होती.

तपासनीस बाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि हसण्याच्या बाबतीत कमालीच्या कंजूष होत्या. त्यांनी स्वतःचे साचे आणले होते. तिन्ही हेडं त्यांनी तोलली, खिडकीशी नेली, कडेवरून नख फिरवलं, मग पुन्हा तोलली.

“डावी हेडं मी सहा कारखान्यांत पाहिली,” शेवटी त्या म्हणाल्या. “सगळीकडे उजवं हेड उलटं केल्यासारखी वाटतात. ही तशी नाहीत.” मग त्यांनी एकाच्या मानेत डोकावून पाहिलं. “यात खूण नाही. कुणाचं काम आहे हे?”

कुणी बोलायच्या आत उस्ताद आपल्या खणाकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेलकट फडक्याची पुरचुंडी होती. तिने ती सोडली. आत तिचा ठसा होता. त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. अकरा वर्षं कुणीतरी त्याला तेल लावत आलं होतं.

“मार,” उस्ताद म्हणाले.

तिने हातोडी घेतली आणि तीन घाव घातले, प्रत्येक हेडला एक. तपासनीस बाईंनी तिन्हींच्या मानेत बघितलं, मान डोलावली आणि वर्षभराचं काम पक्कं केलं. जाताना त्या चक्क हसल्यासुद्धा.

त्या गेल्यावर खात्यात जो गलका झाला तो घडाईच्या घणालाही ऐकू गेला नसता तर नवल. गप्पीदास पुन्हा सुरू झाला होता आणि हे आपल्याला सकाळीच कळलं होतं असं डिझायनरला पटवून देत होता. उस्ताद मात्र घाईत होते. “वर्षभराचं काम एकटी किती ओढणार? शिकायला हवं सगळ्यांनी. आधी मी.” त्यांनी बिघडलेल्यांतलं एक हेड उचललं, सळई मुद्दाम डाव्या मुठीत धरली आणि यंत्र सुरू केलं. तीस वर्षं उजव्या हाताला सरावलेला खांदा मात्र पुढे आलाच. ठिणग्या उडाल्या आणि गप्पीदासने किंकाळी फोडली. “माझी बाही!”

ती चार पावलांत तिथे पोचली.

“यंत्र सोडा आणि बाजूला व्हा,” ती म्हणाली.

गलका एकदम थांबला. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं. हे शब्द त्यांच्या चांगले लक्षात होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी यंत्र सोडलं आणि हात पुढे बांधून बाजूला उभे राहिले.

तिने सळई हातात घेतली, पाय सरळ रोवले.

“जाऊ नका कुठे,” ती म्हणाली. “इथे माझ्या मागे उभे राहा आणि माझा खांदा बघा.”

“बघतो, उस्ताद,” बाबा म्हणाले.