हलका होऊन परतलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना, तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. पुण्याच्या भांड्यांच्या दुकानात माझ्या झाकणावर 'डॉ. सुप्रभा' असं नाव कोरलं आणि तिच्या बॅगेतून मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला आलो.

तिचा नवरा गिरीश रोज सकाळी मला भरायचा. पण सुप्रभा हॉस्पिटलात सलग इतके तास काम करायची, की मी भरलेलाच परत यायचो. गिरीश मला आधी हातात तोलायचा. जड लागलो की म्हणायचा, "आजही उपाशी?"

"अरे, पाणी प्यायलाही वेळ नव्हता."

मग एक नियम आला. युरोपातल्या देशांनी मिळून ब्रसेल्समध्ये ठरवलं होतं, की आठवड्याला सरासरी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम नको आणि मध्ये विश्रांती हवी. या देशानं ते आपल्या कायद्यात घेतलं. तरुण डॉक्टरांपर्यंत पोचायला मात्र बरीच वर्षं लागली. वॉर्डातला ड्युटीचा तक्ता बदलला आणि मी रिकामा घरी येऊ लागलो.

"माझ्या हातची भाजी खायला तुला ब्रसेल्सची परवानगी लागली!" गिरीश चिडवायचा.

"भाजीत मीठ घालायचाही नियम काढायला सांगते त्यांना."

ते माझे सुखाचे दिवस.

पण या देशानं एक वाट मोकळी ठेवली होती. एका कागदावर स्वतः सही केली, तर जास्त तास काम करता यायचं. वॉर्डात माणसं कमी पडली तेव्हा सुप्रभानं सही केली. मी पुन्हा जड झालो. ती सही मागे घेता येते, हे दोघांनाही फार उशिरा कळलं.

दोन वर्षांपूर्वी सुप्रभा आजारानं गेली. गिरीशनं मला पुसून वरच्या कपाटात ठेवलं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी देविका तसाच कागद घेऊन घरी आली. तीही आता डॉक्टर आहे.

"बाबा, सगळे साइन करतात. आणि आपण तर युरोपमधून आऊट झालो ना? मग रूल कुठला राहिला?"

"युरोपची युनियन सोडली ग, कायदा अजून आहे. सही करायची की नाही, तुझी मर्जी. तुझ्या आईला मी नको म्हणालो नाही. तुला म्हणतोय."

 देविकानं कागद बॅगेत टाकला.

सकाळी गिरीशनं मला खाली काढलं. मेथीची भाजी, पोळ्या, दहीभात भरला.

"बाबा, ही आईची डबा?"

"हो, आईचा. जड आणू नकोस."

संध्याकाळी त्यानं मला हातात तोललं. मी हलका होतो. खालच्या पुडात तो कागद घडी करून ठेवलेला होता. सहीची जागा कोरी होती आणि कोपऱ्याला हळदीचा डाग लागला होता. गिरीशनं मला स्वतः घासलं. झाकणावरच्या नावावरून बराच वेळ अंगठा फिरवला.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना तुम्ही घासूनपुसून ठेवता, ते चांगलंच आहे. पण माणसाला जेवायला वेळ देणारा नियमही जपा. वापरला नाही, तर तोही कपाटात पडून राहतो.