वरची बाजू

त्याच्या नाट्यसमीक्षेच्या कात्रणाची खालची कड तिरकी गेली होती आणि त्यात त्याचं नाव अर्धं कापलं गेलं होतं — नेहमीसारखंच. बायकोला साधी कात्री धरता येत नव्हती. पत्र्याच्या डब्यात तिच्या हातची अशी शेकडो कात्रणं, बहुतेकांचा शेवट उडालेला... समीक्षेचा सगळा डंख शेवटच्या वाक्यात असतो हे तिला कितीदा सांगितलं होतं. "अगं, शेपूट तोडून काय जपतेस?" ती "बरं" म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. गाढवापुढे वाचली गीता!

टेबलापलीकडे ग्रंथालयाची बाई पांढरे हातमोजे घालून बसली होती. आपल्यातलीच, पण इथं जन्मलेली. अक्षराला अक्षर जुळवत वाचणारी. परदेशात येऊन वसलेल्यांचं लेखन त्यांना जतन करायचं होतं म्हणे. उशिरा का होईना, अक्कल आली. इथली नाटकं म्हणजे सोफ्यावर बसून हुंदके देणारी माणसं. आणि ज्या आपल्या लोकांच्या साप्ताहिकात तो जन्मभर लिहीत राहिला, ते तर नाटकाला जायचेच नाहीत. त्यांनी न बघितलेलं नाटक किती भिकार होतं हे तो त्यांना दर आठवड्याला सांगायचा. त्यांच्यासाठी लिहीतच नव्हतो मी... मला ठाऊक होतं, एक दिवस कुणीतरी हातमोजे घालून येईल.

"सर, ही सगळी अर्धवट का?"

"बायकोचा हात. नाटकातलं काही कळायचं नाही तिला. गेली बिचारी."

बाईनं कात्रण उलटलं. मग दुसरं, मग डब्यातली आणखी पाच-सहा. "पण ही बाजू पूर्ण आहे," ती म्हणाली. "सगळ्यांची. चौकट अगदी रेघेवरून कापलीय."

त्यानं चष्मा पुसला. त्याच्या लेखामागच्या पानावरची क्रमशः कादंबरी! साप्ताहिकाच्या कचेरीतला मुद्रितशोधक — सदाफुली म्हणायचे सगळे त्याला — बायकी टोपणनावानं हा रतीब घालायचा: लग्न करून परक्या मुलखात आलेली एक बाई, तिची खिडकी, तिचे उसासे. जेवताना तो सदाफुलीची टर उडवायचा तेव्हा बायको खाली बघून हसायची. हसायचीच ना? आणि अंक आला की तो तिला समोर बसवून आपला लेख मोठ्यानं वाचून दाखवायचा — पान दोन्ही हातांत उभं धरून — ती किती टक लावून ऐकायची, पापणीसुद्धा न हलवता... पान उभं धरून. म्हणजे तिच्याकडे मागची बाजू.

सदाफुलीचा त्याला मत्सर वाटला. त्या टुकार माणसाचा!

"जतनाच्या पाकिटाची एकच बाजू पारदर्शक असते, सर," बाई अदबीनं म्हणाली. "कुठली वर ठेवू?"

माझी, हे एवढंच म्हणायचं होतं. त्यानं डब्यातलं एक कात्रण उचलून उलटलं. 'तिने पिशवी उचलली, त्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे एकवार पाहिले, आणि दाराची कडी हळूच काढली.' खाली क्रमशः. एक विशेषण धड नाही, कडीसुद्धा 'हळूच'. भिकार.

"सर?"

"थांबा जरा," तो म्हणाला आणि डबा टेबलावर उपडा करून पुढचा भाग शोधू लागला. ती गेली का? एकेक कागद तो उलटत होता, स्वतःचे मथळे न वाचता पालथे घालत होता, आणि पुढचा भाग काही सापडत नव्हता.