रेंज नसताना उघडलेलं पान

माझे चाचा नजमुद्दीन यांना वाचायचं वेड. रेवदंड्याला त्यांची मासेमारीची बोट आहे. शाळा सातवीत सुटली आणि तेव्हापासून समुद्रच. पण हातात मोबाइल आल्यापासून सूर्यास्तानंतरची मगरीबची नमाज झाली की ते पडवीत बसून माहितीकोशाची वेबसाइट उघडत. कधी मधमाशा, कधी सुएझ कालवा, कधी शनीची कडी. निळ्या शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

त्यांची मुलगी अलिना अलिबागच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती म्हणायची, "अब्बा, याचं ॲप घ्या ना. पानं उतरवून ठेवता येतात. मग रेंज असो नसो, वाचता येतं."

"साइटला काय झालं?" चाचा म्हणायचे. "हाक मारली की येते, काम झालं की जाते. ॲप घरात येऊन मुक्कामच ठोकतं. वर जागा खातं ती वेगळी."

तरी एका रविवारी अलिनाने त्यांचा फोन घेऊन ॲप टाकलंच. अख्खा कोश मावेना, म्हणून तिने फक्त समुद्री जीवांचा भाग उतरवून ठेवला. चाचांनी ॲपच्या त्या चौकोनाला बोटही लावलं नाही.

त्या डिसेंबरात मी कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. घरी बसून कंटाळलो म्हणून चाचांसोबत बोटीवर गेलो. आम्ही चौघे होतो. चाचा, मी आणि थेरोंड्याचे दोन खलाशी, विनेश आणि सदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास जाळं ओढायला घेतलं. किनारा केव्हाच दिसेनासा झाला होता. अर्धं जाळं आत आलं आणि पुढे येईना. बोट एका बाजूला कलली. विनेश वाकून बघायला गेला आणि तसाच मागे सरला.

"नाखवा, खाली कायतरी हाय. लय मोठं हाय."

आम्ही सगळे त्या बाजूला गेलो. पाण्याखाली सावलीसारखं काहीतरी हळूहळू वर येत होतं. आधी पाठ दिसली, राखाडी, तिच्यावर पांढरे ठिपके, रांगोळीचे काढावेत तसे. मग डोकं आलं, रुंद आणि चपटं. मग तोंड उघडलं. त्या तोंडात माणूस आडवा झोपला असता. शेपटीपर्यंत बावीस-तेवीस फूट, म्हणजे आमच्या बोटीच्या निम्म्याहून जास्त. जाळं त्या माशाच्या कल्ल्यांभोवती आणि एका पराभोवती गुंडाळलं होतं.

"मुशी हाय," सदा म्हणाला. मुशी म्हणजे शार्क, एवढं मलाही माहीत होतं. "शेपटीला दोर टाका. न्हायतर बोट उलथवेल."

चाचांनी लहानपणी अशी एक बंदरावर मेलेली पाहिली होती. जिवंत कधीच नाही. त्यांनी फोन काढला, सवयीने साइट उघडायला गेले. पांढरं पान, मध्ये गोल फिरणारं चक्र. रेंज नव्हतीच.

"चाचा, अलिनाचं ते ॲप बघा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी 'ठिपक्यांची मुशी' असं लिहिलं. पान लगेच उघडलं. व्हेल शार्क. मी मोठ्याने वाचायला लागलो. जगातला सर्वांत मोठा मासा. माणसाला धोका नाही. एवढ्या मोठ्या तोंडाने खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव आणि लहान मासळी. कायद्याने संरक्षित. अडकल्यास शेपटीला दोर बांधून ओढू नये, जाळं कापून सोडावं. आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असू शकतं.

"परत वाच," चाचा म्हणाले.

मी ती शंभर वर्षांची ओळ परत वाचली.

पाणी बोटीला थपथपत होतं. तिचा डोळा दिसत होता, एवढ्या देहाला अगदी लहान, आणि तो आमच्याच बाजूला होता. चाचा कठड्यावरून वाकले आणि त्यांनी तिच्या पाठीवर तळवा टेकवला.

"सुभानअल्लाह," ते हळूच म्हणाले. मग सदाला म्हणाले, "कोयता आण. जाळं काप."

"नाखवा, नवीन जाळं..."

"काप म्हटलं ना."

पाऊण तास लागला. कल्ल्यांजवळचे धागे चाचांनी स्वतः कापले, एकेक करून, तिला पातं लागू नये म्हणून. तेवढ्या वेळात तिने एकदाही शेपटी आपटली नाही. विनेश भीती विसरून फोटो काढत होता. शेवटचा फास सुटला तेव्हा ती क्षणभर तिथेच तरंगली. मग शेपटी एकदा सावकाश हलली आणि तेवढा मोठा जीव आवाज न करता खाली गेला. ठिपके कितीतरी वेळ दिसत राहिले.

बंदरात आल्यावर चाचांनी घरी जाण्याआधी वेबसाइट उघडली. तिथलं पान ॲपमधल्या पानापेक्षा नवं होतं, दोन परिच्छेद वाढलेले. त्यात लिहिलं होतं की प्रत्येकीचे ठिपके वेगळे असतात, जसे माणसाच्या बोटांचे ठसे. डाव्या बाजूचा फोटो मिळाला तर अभ्यासक तिला ओळखू शकतात. खाली ईमेलचा पत्ता होता. विनेशच्या फोटोंपैकी एक नेमका डाव्या बाजूचा होता. अलिनाने तो पाठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अलिनाने ते घरात वाचून दाखवलं. ही मादी त्यांच्या नोंदीत आहे, नऊ वर्षांपूर्वी लक्षद्वीपजवळ दिसली होती. तेव्हा ती चौदा फुटांची होती.

चाची महेरुन्निसा तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"म्हणजे अजून वाढतेय," त्या म्हणाल्या.

चाचांनी मान हलवली. "आपल्यानंतरही वाढत राहील."