मेंदीच्या वाफ्यामागची भिंत

कुवेतमधल्या खैरानच्या समुद्रकाठी असलेल्या हज्जा अदिबाच्या घराचं काम दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, असं अब्बासला कधी वाटलंच नव्हतं. घर जुनं, विटांचं. त्याच्या गच्चीवरचे डांबराचे पट्टे अब्बासने बसवलेले, गळकी टाकीही त्यानेच दुरुस्त केलेली. म्हातारी "या अब्बास" अशी अरबी ढंगाची हाक मारायची आणि कामाला हात लावण्याआधी खजुराची थाळी पुढे करायची. म्हणून जेवताना त्याची बायको रुकय्या सहज बोलून गेली, "नौमानला मोठं काम मिळालंय. खैरानला, तुमच्या त्या हज्जाकडे," तेव्हा अब्बासचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

नौमान रुकय्याचा धाकटा भाऊ. रत्नागिरीहून त्याला कुवेतला आणलं अब्बासने, ब्रश कसा धरायचा इथपासून शिकवलं अब्बासने. दोन वर्षांमागे त्याने स्वतःची गाडी घेतली, स्वतःचे मजूर ठेवले.

"कसलं काम?" अब्बासने विचारलं.

"भिंतींचं. ओल बंद करायची आणि बाहेरून फोमचे बोर्ड लावायचे, म्हणजे उन्हाळ्यात आत तापत नाही. हज्जाच्या लेकीने बोलावलं त्याला."

"भिंतींमधलं त्याला काय कळतं?"

"का? तुम्हीच तर शिकवलंत," रुकय्या म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं आणि ते कौतुक भावाचं होतं. अब्बासने पाणी प्यायलं आणि ताटावरून उठला.

त्यानंतर तो धुमसतच राहिला. शुऐबातल्या गोदामाचं छप्पर करताना मजुरांवर विनाकारण ओरडला. रिग्गईतल्या दुकानदाराने "नौमानभाई हल्ली छान माल उचलतात," असं सांगितलं तर सामान न घेताच बाहेर पडला. शेवटी एका शुक्रवारी रुकय्याने भावासाठी माशांचं कालवण डब्यात भरलं, तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "आण इकडे, मी देऊन येतो."

खैरानच्या कामावर नौमान त्याला पाहून खुलला. "या, दुल्हाभाई! बघा तरी." त्याने जुना गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत खरवडून काढला होता. खालच्या विटांमध्ये भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरलं होतं. जमिनीतलं खारट पाणी आता वर चढणार नाही, असं तो समजावून सांगत होता. सगळं नीटनेटकं होतं. आपणही असंच केलं असतं, हे जाणवून अब्बास आणखी जळला.

मग तो मागच्या बाजूला गेला. तिथे भिंतीला लागून मेंदीचा लांब वाफा होता. अब्बासने चपलेने माती दाबली, तर पाणी वर आलं. वाफ्यातली माती घरातल्या फरशीपेक्षा चांगली वीतभर उंच होती. खाली भोकं पाडून कितीही रसायन भरलं तरी ही रोज भिजणारी माती त्याच्या वरून विटांना पाणी पाजणार होती. त्यावर फोमचे बोर्ड चढवले की ते पाणी आतच कोंडणार.

"कसं वाटतं?" मागून नौमानने विचारलं.

"छान," अब्बास म्हणाला. "चालू दे."

परतीच्या वाटेवर त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. त्याने गाडीत गाणं लावलं. घरी आल्यावर रुकय्याशी हसून बोलला. रमजान गेला, ईद गेली. नौमान शिरखुर्मा प्यायला आला तेव्हा अब्बास त्याच्या चेहऱ्यावर काळजी शोधत होता. ती दिसली नाही, तर त्याला चुटपुट लागली.

ऊन तापायला लागलं आणि नौमानचा फोन आला. "दुल्हाभाई, मागच्या खोलीची भिंत फुगलीय. रंगाखालून पांढरी पूड पडतेय. जरा याल?"

अब्बासने नवा शर्ट घातला. रुकय्या बघतच राहिली.

हज्जा अदिबा दारातच काठी टेकून उभी होती. "या अब्बास!" तिचा चेहरा उजळला. "मी याला सांगत होते, अब्बासला बोलाव, अब्बासला विचार. हा ऐकेल तर ना!"

अब्बास तिला मागे घेऊन गेला. खाली वाकून त्याने बोर्डाचा सुटलेला काठ उचलला. आतून कुजट वास आला. "हज्जा, हा वाफा भिंतीपासून हलवावा लागेल. पाणी इथून येतंय."

म्हातारीने वाफ्याकडे पाहिलं. मेंदी तिच्या नवऱ्याने लावली होती. मग ती मान डोलावून म्हणाली, "तू सांगतोस तर हलव."

नौमानच्या तोंडून एकदम निघालं, "हेच मी सांगितलं होतं! काम सुरू करायच्या आधी सांगितलं होतं."

"तू सांगितलंस," म्हातारी शांतपणे म्हणाली, "पण अब्बासने इतक्या वर्षांत कधी या झाडांना हात लावा म्हटलं नव्हतं."

अब्बासने इतकी वर्षं फक्त गच्ची आणि टाकी पाहिली होती, भिंतींकडे कधी बघितलंच नव्हतं. ते त्याने सांगितलं नाही. त्याने नौमानकडे पाहिलं. नौमानचा जबडा आवळलेला होता, कान लाल झाले होते. ते बघून अब्बासला गोड वाटलं, आणि गोड वाटलं याची लाजही वाटली.

हज्जा आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मी त्या दिवशीच पाहिलं होतं."

"माहीत आहे," नौमान म्हणाला. "माती दाबताना पाहिलं मी तुम्हाला. वाटलं, आता बोलाल. तुम्ही 'छान' म्हणालात."

"मग तू सरळ वाफ्याचं का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर काम तुमचं झालं असतं. म्हातारीच्या तोंडात सारखं अब्बास, अब्बास. मला तुमचं नाव ऐकलं की चीड यायची, दुल्हाभाई."

अब्बासने बाह्या दुमडल्या आणि फावडं उचललं. एकेक मेंदी मुळासकट काढून दोघांनी ती कुंपणाजवळ लावली. भिंतीला टेकलेली माती फरशीच्या खाली जाईपर्यंत उपसली, ओले बोर्ड उतरवले. भिंत उन्हात वाळू दिली. सगळा उन्हाळा ती तशीच उघडी राहिली. या काळात अब्बास दोनदा काही कारण नसताना त्या भिंतीवर हात ठेवून आला.

थंडी पडल्यावर दोघं मिळून चुन्याचा गिलावा करायला उभे राहिले. नौमानची थापी भिंतीवरून सरसर फिरत होती. अब्बासने असा सफाईदार हात पाहिला नव्हता, स्वतःचाही नाही.

"माल पातळ झालाय तुझा," तो म्हणाला.

झाला नव्हता. नौमानने त्याच्याकडे एक नजर टाकली, आणि घमेल्यात मूठभर चुना आणखी टाकला.