पहिल्या वळणावरची वाळू

लाल जॅकेटमधली कुत्री कोलमडली तरी डर्वलाने कॅमेऱ्याच्या बटणावरचं बोट उचललं नाही. शर्यतीत कुत्र्यांना पळवणारा खोटा ससा रुळावरून खडखडत पुढे निघून गेला, त्याच्यामागे पाच ग्रेहाउंड कुत्रे गेले, आणि टिल्ली पहिल्या वळणावर एकटीच राहिली. उठायची, मागचा उजवा पाय टेकायची, पुन्हा पडायची. स्टँडमधले लोक पुढच्या पाचांसाठी घसा फोडून ओरडत होते.

टिल्लीचा मालक मॅलकी हॅकेट कठडा ओलांडून आला. सत्तरी उलटलेला माणूस, शर्यतीसाठी म्हणून घातलेला चांगला कोट. त्याने तिला उचललं आणि कुणालाही हात लावू दिला नाही. जनावरांच्या डॉक्टरने पायावर बोटं फिरवली, मान हलवली आणि दोघांना पडद्यामागच्या खोलीत नेलं.

उत्तरेकडच्या या गावात जूनमधलं ऊन रात्री साडेआठलाही वाळूवर तिरपं पडलं होतं. वळणावरचा प्रत्येक उंचवटा दिसत होता. डर्वलाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. टिल्लीचा पाय घोट्यापर्यंत खड्ड्यात होता.

"डर्वला! जिंकलेले खोळंबलेत!" मैदानाचा मॅनेजर कॉन्लेथ हाका मारत आला.

तिने जिंकलेल्या कुत्र्याचा आणि त्याच्या मालकांचा फोटो काढला. 'हसा' म्हणणं तिच्याच्याने झालं नाही. ते आपणहून हसले.

"आणि ते वळणावरचे काढून टाक," कॉन्लेथ हळूच म्हणाला. "लोक पोराबाळांना घेऊन येतात. चिप्स खाताना कुणाला बघायचंय ते?"

"तिथं खड्डा आहे, कॉन्लेथ."

"कुत्रीच कच्ची होती. मागच्या महिन्यातही लंगडत होती."

"खड्ड्यात पाय आहे तिचा. दाखवू?"

"हे बघ, आठ वर्षं तू इथं उभी राहतेस ती माझ्यामुळे."

"मग उद्यापासून दुसरं कुणी उभं कर."

इतक्यात वळणावर ट्रॅक्टर आला आणि मागे लावलेल्या लोखंडी दात्यांनी वाळू सारखी करू लागला.

"आत्ता आठवलं होय रे!" डर्वला सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली. ट्रॅक्टरवाल्याने मान वळवली नाही. कॉन्लेथने मात्र इकडेतिकडे बघितलं, कोण बघतंय म्हणून.

मॅलकी गाड्या लावायच्या जागेत आपल्या व्हॅनच्या मागच्या पायरीवर बसला होता. कुणीतरी दिलेला चहा हातात तसाच होता. कोटाच्या बाह्यांना वाळू चिकटली होती, मांडीवर टिल्लीचा रिकामा पट्टा होता. डर्वलाने कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

त्याने एकदाच पाहिलं. "एवढं स्पष्ट येतं होय?"

"साप्ताहिकाला पाठवतेय मी हे. आजच. बघू दे सगळ्या गावाला. त्या कॉन्लेथला तोंड लपवायला जागा ठेवत नाही मी."

मॅलकीने चहा खाली ठेवला.

"मला ठाऊक होतं, पोरी."

"काय ठाऊक होतं?"

"पाच वाजता वळणावरून चालत आलो. टाच रुतली माझी. कॉन्लेथला सांगितलं, तो म्हणाला, घेतो सारखं करून. सात वाजता बघितलं तर तसंच."

"मग सोडलीत कशाला तिला?"

"सुटायला पहिल्या नंबरचा पिंजरा लागला होता. अगदी आतल्या बाजूचा, कमी अंतराचा. वर्षभरात एकदाही मिळाला नव्हता तिला." तो हाताला चिकटलेली वाळू चोळत राहिला. "म्हटलं, आज जिंकणार. म्हटलं, अंगाने हलकी आहे, वरच्यावर निघून जाईल."

"नाव मागे घेता आलं असतं."

"आलं असतं."

"एक शब्द बोलायचा होता, मॅलकी! एक!"

"हो."

त्याने काहीतरी सबब सांगावी, उलट ओरडावं, असं तिला वाटत होतं. तिने व्हॅनच्या दारावर तळहात आपटला. शेजारच्या गाड्यांमधली कुत्री भुंकू लागली. तळहात झणझणत होता, तसाच खिशात घालून ती कुंपणाच्या भिंतीपाशी गेली. फोटो फोनवर घेऊन त्याच्याखाली ती लिहू लागली. मैदानाचं नाव, वेळ, खड्डा, ट्रॅक्टर. अंगठा दर शब्दाला चुकत होता.

मागे खडी वाजली. मॅलकी उभा होता.

"माझंही लिही."

"तुमचं काय?"

"मला माहीत होतं ते. पाचचं आणि सातचंसुद्धा."

"म्हणजे कॉन्लेथ सुटला."

"नीट लिहिलंस तर नाही सुटणार. दोघांचंही लिही."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडेच बघत राहिली, तो विझला तेव्हा बोटाने पुन्हा उजळवला. पलीकडे पुढच्या शर्यतीची घंटा झाली आणि लोक पुन्हा ओरडू लागले.

"हॅकेट," अखेर ती वर न बघताच म्हणाली. "शेवटी दोन टी ना?"

"दोन," तो म्हणाला, आणि तिचं लिहून होईपर्यंत तिथंच उभा राहिला.