तलावाचे पाणी फिरवता फिरवता

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. घरामागच्या पोहण्याच्या छोट्या तलावातले पाणी ओढायचे, वाळूतून गाळायचे आणि पुन्हा तलावात सोडायचे, हे माझे काम. एखाद्याने दुसऱ्याच्या कष्टांवर पाणी फिरवले, असे लोक म्हणतात. मी जन्मभर पाणीच फिरवले, पण कुणाच्या कष्टांवर नाही. आता फार थकलो आहे.

कारखान्यातून निघून मी दुकानाच्या फळीवर येऊन बसलो. शेजारी एका बड्या कंपनीचा, निळे दिवे लुकलुकणारा पंप होता. एक जोडपे आले आणि नवऱ्याचे डोळे त्या दिव्यांनी दिपले.

"हाच घेऊ. नाव मोठं आहे."

"आवाज किती करतो?" बायकोने विचारले. "आप्पांची खोली तलावाला लागूनच आहे."

दुकानदाराने दोघांनाही चालवून दाखवले. दिवेवाला गुरगुरला, मी नुसता गुणगुणलो. माझ्या कंपनीचे नाव तिने कधी ऐकलेही नव्हते, तरी तिने मलाच निवडले.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. अर्धांगवायूने त्यांचा एक पाय लुळा पडला होता आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितले होते. सूनबाई रोज सकाळी आधी माझी जाळी काढून तिच्यात अडकलेली पाने झटकायची, मग आप्पांना धरून तलावात उतरायची.

"आप्पा, आता भिंत सोडा."

"बुडालो तर, सूनबाई?"

"पाणी कमरेइतकंच आहे. बुडायचं तर खाली बसावं लागेल."

आप्पांना हसू फुटले आणि हसता हसता त्यांचा हात सुटला. ते चालले. नंतर काठी टेकत माझ्यापाशी आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "गुणाचा आहेस रे." तेवढ्या शाबासकीवर मी कितीतरी वर्षे काढली.

पुढे आप्पा गेले. सूनबाई तलावाकडे फिरकेनाशी झाली. नवरा आठवण झाली की माझे बटण दाबून कामावर निघून जाई. जाळी साफ करायची असते, हे त्याच्या गावीही नव्हते. पानांनी माझा घसा दाटला. एके दिवशी पाण्याचा थेंबही येईना, तरी मी दिवसभर कोरडाच फिरत राहिलो. शेवटी पाणी अडवणारे रबरी सील जळाले आणि मोटर बसली. तलाव हिरवा झाला. बेडकांची तेवढी सोय झाली.

मग सूनबाईचेच गुडघे धरले. डॉक्टरांनी तिलाही पाण्यात चालायला सांगितले. नवरा निरनिराळ्या कंपन्यांची माहितीपत्रके घेऊन मला बसवलेल्या तलावाकाठच्या खोलीच्या पायरीवर बसला.

"हा बघ. मोबाईलवरून चालतो."

"मोबाईलवरून पानं निघतात का?"

त्याने माहितीपत्रकाचे पान उलटले.

"इतकी वर्षं मी काढली. आता मला वाकवत नाही," ती म्हणाली.

"मी काढीन."

"नव्याचे नऊ दिवस."

त्याने कागद बाजूला ठेवले, गुडघे टेकून माझे झाकण उघडले आणि कुजलेल्या पानांत हात घातला. वासाने तोंड फिरवले, पण हात मागे घेतला नाही.

"आप्पा होते तेव्हा तुम्ही एकदासुद्धा इकडे आला नाहीत," ती हळूच म्हणाली.

"मला त्यांना तसं बघवत नव्हतं."

"मला बघवत होतं का?"

 त्याने जाळी शेवटच्या पानापर्यंत साफ केली. तिने मग एक माहितीपत्रक उचलून त्याच्यापुढे धरले. "हा आणा. याची जाळी लगेच निघते. तुम्हाला जमेल."

नवा पंप आला, मी कोपऱ्यात गेलो. नऊ दिवस उलटून कधीच गेले, पण तो अजून रोज सकाळी येतो. पाने काढताना सदरा भिजवून घेतो आणि मगच तिला पाण्यात उतरायला हात देतो.

मित्रांनो, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला आता फक्त पडून राहायचे आहे. तुम्ही कंपनी कुठलीही निवडा, पण घरी आणलेल्या यंत्राला निमूट राबायला लावून विसरू नका. आणि ज्या माणसाने त्याची निगा राखली, त्याचेही हात कधी दुखतात का, तेवढे विचारत जा.